मरीआईच्या गाड्याची चाकं कुठं गेली

हा लाकडी गाडा बघा. खिंडीच्या तोंडाशी, बाभळीखाली, चार दगडांवर टेकवलाय तो. मरीआईचा आहे. चाकं शोधायला खाली वाकू नका, डॉक्टरीणबाई. मागच्या खेपेला तुमच्याच खात्याचे एक साहेब वाकले आणि त्यांची पँट उसवली. चाकं नाहीतच. देवी आत आहे, शेंदूर आहे, हिरवा चुडा आहे, नथ आहे. फक्त जायची सोय नाही. साऱ्या मुलखात साथीची देवी गावोगाव फिरली, आमच्या हिवरकणीत मात्र तिला बसवून ठेवलं, असे सांगतात.

आणि गाव ओस बघून तुमचा ड्रायव्हर घाबरलाय, त्याला जरा पाणी द्या. गाव मेलेलं नाही, वर माळावर गेलंय. कुणी आजारी नाही. आजारी नाही म्हणूनच गेलंय. दर माघात एक दिवस जातं. मी खाली का? आज खिंडीत बसून येणाऱ्याला अडवायची पाळी माझी आहे. तेव्हा तुम्ही अडलात. बसा, आणि ऐका.

माझ्या आज्याला ही गोष्ट त्याच्या आज्यानं सांगितली. दोघेही पट्टीचे थापाडे होते, पण या गोष्टीत दोघांनी कधी फेरफार केला नाही, म्हणून मी ती खरी धरतो.

तेव्हा पटकी यायची. सकाळी औत धरलेला माणूस, उलट्या-जुलाब होऊन दिवस मावळायच्या आत जायचा. यावर आमच्या शहाण्या मुलखानं एक इलाज काढला होता. ज्या गावात साथ यायची, ते गाव मरीआईला गाड्यात बसवायचं, लुगडं-बांगडी करायचं, आणि वाजतगाजत गाडा पुढच्या गावाच्या शिवेत ढकलून द्यायचं. पुढच्या गावानं तिला नाही म्हणायचं नाही. भंडारा घालायचा, अख्खं गाव एका पंगतीला बसवायचं, एकाच बारवेचं पाणी सगळ्यांनी प्यायचं, आणि मग गाडा आणखी पुढं ढकलायचा. म्हणजे देवी पुढं जायची, आणि पटकी मागंही राहायची आणि पुढंही जायची. पण असं बोलून दाखवायची हिंमत कुणात नव्हती.

तसा तो गाडा एका चैत्रात हिवरकणीला आला. भंडारा झाला. जेवणारे हात धुऊन उठले न उठले तोच आळी-आळीतून रडारड सुरू झाली. सुभानजी पाटलांनी फर्मान काढलं, दिवस मावळायच्या आत गाडा खिंडीपल्याडच्या कासारखोपच्या शिवेत गेला पाहिजे.

आता गावात बयजा म्हणून एक बाई होती. उंच, हाडकुळी आणि भांडायला अशी पक्की, की तिची शेजारीण घर मोडून दुसऱ्या आळीला राहायला गेली होती म्हणे. तिची एकुलती एक लेक राही कासारखोपला दिलेली. राहीची आधीची लेकरं पोटातच गेली, आणि आता कुठं तिच्या मांडीवर जितंजागतं मूल आलं होतं. बाळंतीण अजून बाजेवरच होती. गाडा कासारखोपात शिरला की भंडाऱ्याचं पान बाळंतिणीच्या बाजेवरही जाणार, हे बयजाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

हलगी वाजवत गडी खिंडीपाशी आले, तर वाटेत बयजा मांडी घालून बसलेली. शेजारी कुऱ्हाड.

पाटील म्हणाले, "काकी, उठा. देवीचं काम हाय."

"देवीचं काम देवी करंल," बयजा म्हणाली. "तुमी कशाला ढकलताय? तिला जायाचंच असंल, तर बिनचाकाची जाईल."

आणि ती उठली, आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं एका अंगाची चाकं उखडून टाकली. गाडा कलला. देवीपुढचं लिंबू घरंगळत पाटलांच्या पायाशी आलं, तसे पाटील चार हात मागं सरले. मोठे शूर होते आमचे पाटील.

तेवढ्यात रावबा भगताच्या अंगात आलं. तो घुमायला लागला. "मला अडवणारी तू कोण?"

दुसरी कुणी असती तर पायावर लोळण घेतली असती. बयजा पदर खोचून उभी राहिली. "तू पाव्हणी म्हणून आलीस. लुगडं दिलं, कोंबडं दिलं. जेवल्या घरचीच माणसं खातीस? कुठली रीत ही?"

"मी म्होरं जाणार."

"म्होरं माझी लेक बाळंतीण हाय. जायाचं न्हाई."

"मग हितंच ऱ्हाईन. गाव खाईन."

"ऱ्हा की," बयजा म्हणाली. "घरं घे, चुली घे, बारव घे. गाव तुझं. माणसं मातुर आमी घेऊन जातो."

असे सांगतात, की यावर देवी रावबाच्या अंगातून उतरली. रावबानं मुंडासं बांधलं, आणि तो आपला घरी गेला.

लोकांनी विचारलं, जायचं कुठं? बयजानं माळाकडं हात केला. वर मायाप्पा धनगराचा मेंढरांचा वाडगा होता. तो भंडाऱ्याला आला नव्हता, वरच्याच झऱ्याचं पाणी पीत होता, आणि त्याच्या बिऱ्हाडात शिंकसुद्धा कुणाला नव्हती. "देवीला चढण सोसत नसंल," बयजा म्हणाली. "गुडघं दुखत असतील."

गाव निघालं, पण कसं? गाढवं आधी, माणसं मागून. वर पोचल्यावर कळलं, की पाटलांची आईच खाली राहिली. पाचही भावांना वाटलं, दुसऱ्यानं आणली असेल. म्हातारी जात्यापाशी बसून पाचांच्या नावानं शंख करत होती. तेव्हा बयजानं ठरवून टाकलं, की आपली म्हातारी आपण आणायची नाही, शेजाऱ्याची आणायची. आपलीला माणूस विसरतो, पण शेजाऱ्याची विसरला तर शेजारी जन्मभर ऐकवतो.

माळावर तिनं घराघराच्या झोपड्या लांब लांब घालायला लावल्या. झऱ्यात कुणी घागर बुडवायची नाही. एकानं काढायचं आणि बाकीच्यांना ओतायचं. आजारी पडेल त्याची झोपडी ओहोळाच्या पल्याड, आणि त्याचं करणाऱ्यानं इकडं यायचं नाही. पंगत नाही, मयताला गर्दी नाही. लोकांनी तिला शिव्या घातल्या. तिनं दुप्पट परत केल्या. गाड्याची चारही चाकं फोडून चुलीत घातली आणि त्यावर आजाऱ्यांचं पाणी उकळलं, पेज केली. माणसं मेली. खोटं कशाला सांगू, मेली. पण गाव मेलं नाही.

आजाऱ्यांचं करायला बयजा स्वतःच ओहोळापल्याड गेली होती. आणि दुपारची ती खिंडीत येऊन बसायची, कारण गड्यांचा भरवसा नव्हता. दुसरी चाकं लावून गाडा ढकलायला कुणीही निघालं असतं.

अशाच एका दुपारी खिंडीच्या त्या अंगाला राही आली. आई देवीशी भांडली, आईचं काय झालं, म्हणून बाजेवरून उठून आली होती. काखेत बाळ.

"आये," तिनं हाक मारली.

"माघारी फिर."

"तुला नातू दावते, आये. लांबूनच दावते." असं म्हणत ती जवळच येत होती. सगळ्या लेकी असंच करतात.

बयजानं ढेकूळ उचललं आणि मारलं. ते राहीच्या पायापाशी फुटलं. राही थांबली नाही. दुसरं मारलं. तिसरं खांद्यावर बसलं. तशी राही बाळाला छातीशी धरून वळली. "या माहेराला पुन्हा पाय लावायची न्हाई," एवढं बोलून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत बयजा हातात ढेकूळ धरून उभी होती. मग ते टाकून ओहोळापल्याड आजाऱ्यांकडं गेली, असे सांगतात.

कासारखोपात त्या साली पटकीनं एकही माणूस गेलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला गाव खाली आलं. बारव उपसली, घरं सारवली. लोक म्हणाले, आता देवीला मोठा भंडारा घालू. बयजानं असं बघितलं, की पुन्हा विषय निघाला नाही.

पुढच्या माघात कुणाचं डोकंसुद्धा दुखत नसताना ती चावडीपुढं येऊन उभी राहिली. "चला वर."

पाटील म्हणाले, "काकी, साथ कुठाय?"

"साथ न्हाई म्हणूनच. साथ आली की तुमी आईला जात्यापाशी विसरता. काय विसरायचं ते आज विसरून घ्या."

गाव कुरकुरत चढलं. बयजा खिंडीत बसली. आणि दुपारी, गाव पुन्हा वर गेलं हे ऐकून, पल्याडून राही आली. संगं तिचं पोर, बोट धरून पाऊल टाकायला लागलेलं. राहीच्या ओटीत बोरं होती. तिनं त्यातलं एक काढलं, नेम धरला आणि मारलं. ते बयजाच्या थेट कपाळावर बसलं.

बयजानं कपाळ चोळलं. "नेम बापावर गेलाय," ती म्हणाली. "वर समदी बरी हायत. आता ये."

तुम्ही तालुक्याहून येता, साथ आली तर काय करणार याचा आराखडा मागता, आणि दर खेपेला विचारता की साथ नसताना गाव वर कशाला नेता. बयजाला विचारा. आजही माघातल्या या दिवशी शेजाऱ्याची म्हातारी पाठंगुळी घेऊन गाव माळ चढतं. आजही सासरी गेलेल्या लेकी या खिंडीत येतात, आधी लेकी बोरं मारतात, मग आया मारतात. पण माळावरून कुणी पांढरं धोतर हलवून सगळं ठीक असल्याची खूण केल्याशिवाय एकीलाही आत घेत नाहीत. आमदारांची लेक होती एकदा, तीही उन्हात उभी राहिली.

ती बघा, पहिली टोळी आली. पिवळ्या साडीतली माझी थोरली आहे. शाळेत शिकवते, पण नेम वाईट, मला मारायला जाते आणि पाहुण्यांना लागतं. तेव्हा जरा बाजूला सरका. ती आता लांबूनच विचारेल, "आबा, वर समदी बरी हायत का?" मी नुसता माळाकडं हात करीन. धोतर अजून हललेलं नाही.