तहाचं पहिलं वाक्य

कितीतरी पिढ्यांमागची गोष्ट आहे. डोंगराच्या दोन बाजूंना दोन राज्यं होती आणि मधल्या खिंडीसाठी ती बारा वर्षं लढत होती. शेवटी दोन्ही थकली. तह करायचं ठरलं.

पूर्वेच्या राजाने आपला वृद्ध दूत पाठवला. पश्चिमेकडून त्यांचा सेनापती आला. खिंडीतच तंबू पडला.

बाकी सगळं आठ दिवसांत ठरलं. अडलं ते पहिल्या वाक्यावर. आधी शांतता कोणी मोडली? सेनापती म्हणे, "तुम्ही." दूत म्हणे, "तुम्ही." खरं काय ते दूताला ठाऊक होतं. पहिला हल्ला त्याच्याच राजाने केला होता. पण दूत बोलण्यात तरबेज; त्याने दाद लागू दिली नाही.

अठराव्या दिवशी तो कागद गुंडाळून उठला. तेवढ्यात सेनापतीने विचारलं, "या लढाईत तुमचं कोणी गेलं का?"

"धाकटा मुलगा. याच खिंडीत."

"कपाळावर भाजल्याचा डाग होता?"

"होता," म्हणत दूत पुन्हा खाली बसला.

"ढाल बाजूला ठेवून तो एका जखमी माणसाला पाणी पाजत होता," सेनापती म्हणाला. "बाण मी मारला. जवळ गेलो तेव्हा कळलं, तो जखमी माझाच शिपाई होता. हे आमच्या राजालाही ठाऊक नाही. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना."

दूत बाहेर गेला. कड्यापाशी उभा राहिला. दोन्हीकडचे सैनिक त्याच्या तोंडाकडे पाहत होते. त्याने नुसता हात उचलला असता, तरी तलवारी निघाल्या असत्या. मुलाला मारणारा आत बसला होता, आणि मुलगा किती मोठ्या मनाचा होता हेही त्यानेच सांगितलं होतं. कोणी विचारलं नसताना आपणहून कबुली देणारा असा माणूस दूताने आयुष्यात पाहिला नव्हता.

तो आत आला. "लिहा," तो म्हणाला, "शांतता आधी आम्ही मोडली."

सेनापतीने लेखणी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "नको. तुम्ही बोललात, मी ऐकलं. कागदावर राहिलं तर आपली नातवंडं त्यावरून पुन्हा भांडतील."

त्या वाक्यावाचूनच तह झाला. खिंडीतून बैलगाड्या जाऊ लागल्या, पुढे वऱ्हाडंही.

राजाने दूताला विचारलं, "त्यांना नमवलंत कसं?"

"नमलो मी, महाराज," दूत म्हणाला. "आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही."

जो आपली चूक आधी कबूल करतो, त्याच्यापुढे वैर टिकत नाही.