लांडगिणीच्या दाढेचं कवच

फार फार वर्षांपूर्वी एका माळावर एक लांडगीण राहायची. तिच्या दाढेचं कवच पांढरंशुभ्र होतं आणि खाली दंतिनाचा, म्हणजे दाढेच्या मुख्य भागाचा, थर होता पिवळसर. "ए पिवळ्या, चारचौघांत तोंड दाखवू नकोस हं," असं कवच त्याला बजावायचं. थर म्हणायचा, "बरं."

एकदा हाड फोडताना कवचाचा मोठा टवका उडाला. थर उघडा पडला. त्याच्या बारीक नळ्यांतून गार पाणी थेट आतल्या नसेला झोंबलं. लांडगीण कळवळली. तिला शिकार धरवेना, पिल्लं उपाशी राहू लागली.

थर मुकाट्याने कामाला लागला. त्याने एकेक नळी बुजवली, नसेभोवती आतून नवी भिंत चढवली. महिन्याभराने कळ थांबली आणि लांडगीण पिल्लांसाठी ससा घेऊन आली.

"मलाही भरून काढशील?" कवचाने चाचरत विचारलं.

"तुझं घडणं दाढ उगवण्याआधीच संपलं. मी अजून घडतोय. पण उरलंस तेवढं तुला खालून धरून ठेवीन."

आजवर आपण याच्याच आधारावर मिरवलो, हे कळून कवच शरमलं. ते कसंबसं म्हणालं, "दादा, धर मला."