कोतवालाचे कान

पेठेचा कोतवाल मिशीला पीळ देत सांगायचा, "इथल्या प्रत्येक भिंतीला माझे कान आहेत!" एकदा त्याने दवंडी पिटवली, ज्याच्या घराची भिंत तडकलेली सापडेल, त्याचं घर जप्त होईल.

सरूबाई साळिणीच्या भिंतीला तर हात जाईल एवढी भेग. तिचा जीव टांगणीला लागला. लिंपायला माती कालवली, तोच कोतवाल दारात!

"ही भेग बुजवली का नाहीस?" तो गरजला.

चिखलाचे हात जोडून सरूबाई म्हणाली, "बुजवणारच होते, सरकार. पण भिंतीला तुमचे कान आहेत ना? सरकारच्या कानात चिखल कसा कोंबू?"

दारात जमलेली आळी खुसखुसली. कोतवालाने कानाला हात लावला आणि आल्या पावली परत फिरला.