सात टोल्यांचं बंदर

एकदा काय झालं, एका नदीला एक गाव झालं. हो, नदीला! एखाद्या बाईला मूल व्हावं ना, तसं.

ही नदी आपल्याकडची नव्हे बरं का. पार समुद्रापलीकडची, अमेरिकेतली. तेव्हा त्या मुलखावर विलायतेच्या राजाचं राज्य होतं. नदी मोठी शांत होती. दोन्ही काठांना ओकची झाडं, इतकी दाट की खारीला जमिनीवर पाय न टेकता समुद्रापर्यंत जाता यायचं. काठावर तिथली मूळची माणसं राहायची. मासे धरायची, मका लावायची.

मग एक दिवस जहाज आलं. त्यातून गोरी माणसं उतरली. त्यांनी नदीत दोरी सोडून पाहिली. सात वाव पाणी! वाव म्हणजे काय? दोन्ही हात पसरा बघू. या हाताच्या बोटापासून त्या हाताच्या बोटापर्यंत, तेवढा एक वाव. तसले सात. गोरी माणसं म्हणाली, "इथंच बंदर करू."

मूळच्या माणसांत एक म्हातारी होती. ती म्हणाली, "करा. जागा पुष्कळ आहे. पण काठची झाडं तोडू नका. त्यांनी माती धरून ठेवलीय."

सगळे हसले. दोन वर्षांत त्यांनी म्हातारीला आणि तिच्या माणसांना पलीकडच्या काठावर हाकलून दिलं. आणि झाडं तोडली.

झाडं तोडून काय लावलं? तंबाखू. खायला धान्य नाही, तंबाखू! तंबाखू जमिनीला तीन वर्षांत पिळून काढते. जमीन थकली की ते पुढचं रान तोडायचे. ते थकलं की त्याच्या पुढचं.

पण गाव वाढलं हो. विटांची कचेरी झाली, चर्च झालं, घोड्यांच्या शर्यती झाल्या. बायका आपल्या इकडच्या छापील कापडाचे झगे घालून मिरवायला लागल्या. धक्क्यावर तंबाखूची पिंपं माणसांहून उंच. ती पिंपं ढकलायचं कोण? गोरी माणसं? छे! आफ्रिकेतून साखळ्या घालून आणलेली माणसं. त्यांना विकत घेतलं होतं. माणसांना, बरं का. शेळ्यामेंढ्यांना नाही.

त्यांतलाच एक कुजो. त्याचे हात फार लांब होते. म्हणून त्याला नदी मोजायचं काम दिलं. जहाज आलं की कुजो होडीतून पुढं जायचा. शिशाचा गोळा बांधलेली दोरी पाण्यात सोडायचा, मग ती वर ओढत हात पसरून पसरून मोजायचा आणि ओरडायचा, "सात!" की धक्क्यावरची मोठी घंटा सात वेळा वाजायची. सात टोले ऐकले की कप्तान बिनघोर आत शिरायचा. लांब लांब त्या गावाचं नाव झालं, सात टोल्यांचं बंदर.

बंदराचा मालक होता प्रिंगलशेठ. कुजो त्याचाच, आणि कुजोची सात वर्षांची लेक फिबा, तीही त्याचीच. फिबाची आई नव्हती. ती कुठं होती? तिला विकून टाकलं होतं.

एक दिवस शेठ खुशीत होता. म्हणाला, "कुजो, शंभर जहाजं सुखरूप आत आण. मग मी कागद लिहून देतो. तू मोकळा, तुझी पोरगी मोकळी."

त्या दिवसापासून कुजो जहाजाकडं बघायचा तो फिबाकडं बघितल्यासारखा.

चाळीस जहाजं आली. मग एक पाऊसकाळ असा झाला की उघड्या टेकड्यांवरची सगळी माती वाहून नदीत उतरली. एकेचाळिसाव्या जहाजाला कुजोनं दोरी सोडली, तर दोरीतून नदी बोलली. "कुजो, लेका, माझ्या घशात माती गेलीय."

कुजो ओरडला, "सहा!"

शेठ धावत आला. "सहा कसे? सात टोल्यांचं बंदर आहे हे! तुझे हात वाढलेत लेका, खाऊन खाऊन." सगळे हसले. मग काय केलं असेल त्यांनी? नदी साफ केली? झाडं लावली? नाही. कचेरीत बसले आणि कायदा केला, की यापुढं वाव म्हणजे प्रिंगलशेठचे हात. शेठ होता ठेंगणा. त्याच्या हातांनी मोजली, तर नदी भरली सात वाव!

घंटा सात वेळा वाजली. कुजो गप्प बसला. कागद मिळायचा होता ना.

सत्तर जहाजं झाली. पुन्हा टेकड्या वाहून आल्या. दोरीतून नदी म्हणाली, "कुजो, मला श्वास घेता येत नाही रे." कुजोच्या हातांनी चारच वाव भरले. शेठच्या हातांनीही सात होईनात.

मग शेठनं इकडं तिकडं पाहिलं. धक्क्यावर फिबा उभी होती. "ए पोरी, इकडं ये. हात पसर." फिबानं पसरले. बिचारीला वाटलं, काहीतरी खेळ आहे. तिच्या एवढ्याशा हातांएवढ्या अंतरावर दोरीला गाठी मारल्या. नवा कायदा झाला, वाव म्हणजे हे. आणि नदी भरली सात!

त्या दिवशी भाकरी खाताना फिबानं विचारलं, "बाबा, नदी माझ्या हातांनी मोजतात. म्हणजे मी मोठी झाले ना?"

कुजोनं आपली उरलेली भाकरी तिच्या हातात ठेवली.

आणि मग आलं शंभरावं जहाज. आजवरचं सगळ्यांत मोठं. गाव नटूनथटून धक्क्यावर आलं होतं. शेठच्या हातात कागदाची गुंडाळी होती. कुजोनं गाठींची दोरी सोडली. नदी काही बोललीच नाही. नुसतं गुरगुरल्यासारखं झालं, बुडत्या माणसाच्या नाकातोंडातून येतं तसं.

फिबाच्या हातांनीसुद्धा तीन गाठी भरेनात.

शेठ काठावरून ओरडला, "पोरीच्या कोपरापर्यंत मोज! नाहीतर बोटांनी मोज! पण सात म्हण, गाढवा. कागद माझ्या हातात आहे."

कुजोनं फिबाकडं पाहिलं. ती हात पसरूनच उभी होती, बापाला मदत म्हणून.

आणि कुजोनं ती दोरी गाठींनी मोजली नाही. स्वतःचे लांब हात पसरून मोजली. छातीत होता नव्हता तेवढा दम लावून ओरडला, "दीड! दीड वाव! मागं फिरा!"

शेठनं हात हलवला. घंटा वाजली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात.

कप्तानानं काळ्या माणसाची हाक ऐकली आणि गोऱ्या माणसाची घंटाही ऐकली. कुणाचं खरं मानलं असेल त्यानं?

जहाज आत शिरलं आणि मधोमध गाळात रुतलं. कलंडलं. डोलकाठी मोडली. त्यात ओहोटी लागली. सगळं गाव आरडाओरडा करत तिकडं धावलं. फिबाकडं बघायला कुणी उरलं नाही.

कुजोची होडीही गाळावर बसली होती. त्यानं उडी मारली, तर कमरेइतका आत गेला. तेव्हा नदी शेवटचं बोलली. "लेका, तुझं ओझं मला पेलायचं नाही. पोरीचं पेलेल. पाठव तिला."

"फिबा, नदीत उतर," कुजो म्हणाला. "पलीकडं चालत जा."

"आणि तू?"

"माझे हात लांब आहेत. तुझ्या पाठीला लागलेलेच आहेत असं समज. मागं बघू नकोस."

फिबा उतरली. तिच्या पायाखाली गाळ अंगणासारखा घट्ट झाला. ती गेली तसतसा मागचा पुन्हा मऊ होत गेला. पलीकडच्या काठावर ती म्हातारी उभी होती. तिनं पोरीला घोंगडीत घेतलं.

कुजोला दोरखंड टाकून ओढून काढलं. वाचवायला नव्हे. त्याच आठवड्यात शेठनं त्याला विकलं. कचेरीत लिहून ठेवलं, की मोजणाऱ्याची चूक झाली. आणि ती कागदाची गुंडाळी? धक्क्यावर पडली होती, ती वाऱ्यानं उलगडली. कोरी होती.

रुतलेल्या जहाजाभोवती माती साठली. दुसरं जहाज आलं नाही. गावानं कचेरीच्या विटा उपसल्या, घंटा गाडीत घातली आणि पुढच्या नदीवर नवं बंदर केलं. काठची झाडं तोडली. तंबाखू लावली.

इकडं फिबा रोज हात पसरून बघायची. म्हणायची, हात बाबाएवढे झाले की त्याला शोधायला जाईन. झाले. गेली. गावाच्या जागी गवत होतं, नदीच्या जागी चिखल. जहाजाच्या फासळ्या वर आल्या होत्या आणि एका फासळीला ती दोरी अडकलेली होती. फिबा तिथंच बसली आणि एकेक गाठ सोडवत राहिली. सगळ्या सोडवल्या तेव्हा उठली. बाप सापडला नाही.

तर मग काय? प्रिंगलशेठ नव्या गावात सुखानं राहिला. गावकरी सुखानं राहिले. गोष्टीत सगळ्यांनी सुखानं राहायचं असतं, म्हणून ते राहिले. फिबा राहिली म्हातारीच्या काठावर. तिनं ओक लावले. आणि जे कुणी तिच्याकडं यायचं, त्याला ती हात पसरायला लावायची आणि म्हणायची, "हे तुझे हात. दुसऱ्या कुणाला खोटं मोजायला देऊ नकोस."

किती ते प्रश्न! कुजोचं पुढं काय झालं, ते मलाही कुणी सांगितलं नाही. आता हात घ्या बघू पांघरुणात. दोन्ही. आणि मिटा डोळे.