शेळ्यांचा पाला आणि पाहुण्यांचा कोबी

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता एका गावातल्या शाळेत प्रार्थना चालू होती. तिसरीतली ईश्वरी रांगेतच कोसळली.

तिची आजी कस्तुराबाई धावत आली. शाळेच्या जेवणात काय शिजायचे, हे ठरवणाऱ्या समितीची ती प्रमुख होती. तिच्या शब्दापुढे गावात कोणी जात नसे.

गावच्या दवाखान्यातून बोलावलेल्या नर्सबाईंनी ईश्वरीच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. आत लाली नव्हतीच.

"रक्त कमी आहे. जेवायला काय असतं?"

"कोबी," कस्तुराबाई ताठ मानेने म्हणाली. "पांढराशुभ्र. पाहुण्याला वाढावा असा."

"आणि दारातला हा शेवगा?"

"त्याचा पाला माझ्या शेळ्यांना जातो."

"मग शेळ्या ठणठणीत असतील!"

शेळ्या खरोखरच ठणठणीत होत्या. कस्तुराबाईची मान खाली गेली.

त्या गावाची रीतच तशी होती. पाहुण्याच्या ताटात पाला पडला, तर सोयरीक मोडायची. जे जनावराने खायचे, ते माणसाने खाल्ले तर अब्रू जाते, असे थोरामोठ्यांनी ठरवून टाकले होते. त्या अब्रूची किंमत लेकरे चुकवत होती.

"कोबी वाईट नाही," नर्सबाई म्हणाल्या. "पोटाला चांगला. पण रक्ताला लोह लागतं, हाडांना चुना, म्हणजे कॅल्शियम, लागतं. दोन्ही शेवग्याच्या पाल्यात कोबीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त. पाला शिजवा, पाणी फेकू नका, वरून लिंबू पिळा."

तोवर गाव जमले होते. कोणीतरी ओरडले, "ही सगळी स्वयंपाकीण मथुरेची करणी! हिचाच हात आखडता!"

 मागच्याच वर्षी मथुरेने कस्तुराबाईला विचारले होते, "आत्या, आमटीत मूठभर पाला टाकू का?" तेव्हा कस्तुराबाई कडाडली होती, "लेकरांना शेळ्या समजलीस का गं?"

आता नुसते गप्प राहिले तरी कस्तुराबाई सुटणार होती. दोष आयता मथुरेच्या गळ्यात पडला होता. तिने मथुरेकडे पाहिले, मग ओट्यावर निजवलेल्या नातीकडे.

"मथुरेला बोलायचं काम नाही," ती म्हणाली. "पाला मीच अडवला. शेळ्या पोसल्या आणि नात उपाशी ठेवली."

तिने स्वतः पाला ओरबाडला, डाळीत शिजवला आणि सगळ्यांसमोर पहिला घास घेतला.

"काय कस्तुराकाकू, आता बें बें करणार का?" गर्दीतून टोमणा आला.

"करीन की! तू आधी वाटी पुढे कर."

हशा पिकला. वाट्या पुढे आल्या. शेळ्यांच्या वाट्याला कोबीची बाहेरची पाने गेली, आणि त्यांनी काही तक्रार केली नाही.

पुढे नर्सबाईंच्या गोळ्या आणि पाल्याची आमटी, दोन्ही चालू राहिल्या. होळीच्या सुमारास ईश्वरी धावण्याच्या शर्यतीत दुसरी आली. "पहिली का नाही?" म्हणून आजीशी भांडलीही.

तात्पर्य: भाजीची किंमत रंगावरून आणि मानपानावरून नव्हे, ती अंगाला काय देते त्यावरून करावी, आणि आपली चूक दुसऱ्याच्या माथी जात असेल, तेव्हा गप्प बसू नये.

शेजारच्या गावच्या शाळेतही शेवगा आहे. त्याचा पाला आजही रोज झाडून उकिरड्यावर जातो. का, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.