लाल गोंडे

फार जुन्या काळी एका रानात खारी जखमी प्राण्यांची शुश्रूषा करत. खर्चाला हातभार लागावा म्हणून त्यांनी आपल्या मंडळाच्या सभासदांना खुणेचे लाल गोंडे विकले. बघता बघता गळ्यागळ्यात गोंडा आला.

एका संध्याकाळी पायात काटा मोडलेली सशीण लंगडत खारींच्या दवाखान्याशी पोचली. मागे कोल्ह्याची चाहूल होती. पण दारातले सगळे गोंडेवाले पाहून ती झुडपातच थिजली. आपल्याला हाकलून दिलं तर?

म्हाताऱ्या खारीला झुडूप हलताना दिसलं. "अगं, आत ये ना!"

"माझ्याकडे गोंडा नाही, मावशी."

खार चरकली. तिने सशिणीला झटकन आत ओढलं.

धापा टाकत सशीण म्हणाली, "मावशी, पलीकडच्या झुडपात पंख मोडलेला होला आहे. तोही गोंडा नाही म्हणूनच बाहेर बसलाय."

गळ्यातले गोंडे तिथेच टाकून खारी बाहेर धावल्या.