आईची शेवटची गाठ

एकदा एक मुलगी आईच्या निधनाची वार्ता ऐकून शहरातून आपल्या माणसांत परतली. तिचे नाव सेवदा. इराणच्या डोंगरांतून मेंढ्यांमागे फिरणाऱ्या टोळीतली ती. पण शहरात राहून तिने आधुनिक डिझाइनचे शिक्षण घेतले होते. तंबूत, जमिनीवर आडव्या मांडलेल्या मागावर, आईचा गालिचा अर्धाच राहिला होता. तो पुरा करणे, एवढेच आता तिला आईसाठी करता येण्यासारखे होते.

सेवदाच्या आईला विणायला शिकवले होते ते वृद्ध बीबींनी. सेवदालाही त्यांनीच. त्यांनी तांबड्या लोकरीचा एक गुंडा तिच्यापुढे ठेवला.

"इथून पुढे यानं विण," एवढेच त्या म्हणाल्या.

तो तांबडा आईच्या तांबड्याहून चांगलाच फिका होता. बीबींना आता रंग कळेनासे झाले, असे समजून सेवदाने मान डोलावली आणि गुंडा बाजूला सारला. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. पण शिकलेल्याला तो लागेलच असे नाही!

आईचाच तांबडा साधायला तिने मंजिष्ठेची मुळे उकळली. तीनदा रंग फसला, चौथ्यांदा तंतोतंत जमला. आईच्या गाठीएवढीच गाठ, आईच्या हाताचाच दाब. विणताना आई शेजारी असल्यासारखी वाटे आणि डोळे भरून येत.

गालिचा मागावरून उतरला, तेव्हा तिने बीबींना बोलावले.

"बघा बीबी, कुठे जोड दिसतो का?"

बीबींनी गालिचा उलटा करून हात फिरवला. "नाही दिसत. पण पोरी, तुझ्या आईनं बांधलेली शेवटची गाठ कुठली? तेवढी दाखव मला."

सेवदा वाकली. तिने एक ओळ चाचपली, मग खालची, मग पुन्हा वरची. गाठ सापडेना.

"मुक्काम हलला, पाणी बदललं की आपल्या लोकरीचा रंग बदलतो," बीबी म्हणाल्या. "आणि विणणारी गेली, की पुढची मुद्दाम वेगळा तांबडा घेते. शहरात त्याला दोष म्हणत असतील. आपण रंग बदलतो त्या रेघेवर हात ठेवून म्हणतो, इथपर्यंत ती होती." त्यांनी बाजूला पडलेला तो फिका गुंडा उचलला. "मला वाटलं, तुला ठाऊक असेल. मी सांगायला हवं होतं ग."

आईसारखे विणता विणता आपण आईलाच पुसून टाकले, हे सेवदाला कळले आणि तिला रडू आवरेना. बीबींनी तिला जवळ घेतले. मग दोघी त्या निर्दोष गालिच्यावर, कुठेतरी अंदाजाने हात ठेवून, बसून राहिल्या.